निवृत्तीनंतर देवाला माझा काय उपयोग?

ताई, सलाम.

तुमचं पत्र मिळालं. हे उत्तर तुमच्यासारख्या आणखी काही जणींच्या हाती जाईल, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही ३४ वर्षं आरोग्यसेविका होतात. उपकेंद्र, आसपासच्या वाड्या-वस्त्या, लसीकरण, बाळंतपणं. गेल्या मे महिन्यात ५८ पूर्ण झाली, शाल-श्रीफळ झालं, सगळी रजिस्टरं नव्या सिस्टरच्या हवाली केलीत. तुमचे यजमान चार वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले. मुलगा पुण्याला आहे, तो म्हणतो, "आई, आता आराम कर." मंडळीतल्या बायका म्हणतात, महिला मंडळाचं अध्यक्षपद घ्या, संडेस्कूलही बघा. आणि तुमचे डोळे पहाटे पाचलाच उघडतात, पण कुठे जायचं नसतं. प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही. नव्या सिस्टरचा फोन येतो, तो उचलवत नाही. बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडता, प्रत्येक गोष्टीला समय असतो हे वाचता, आणि विचारता: माझा समय संपला का? देवाला आता माझा काय उपयोग?

मी ३८ वर्षं नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये पाळक होतो. हा प्रश्न माझ्याकडे शिक्षकांनी आणला, साखर कारखान्यातल्या फिटरने आणला, सगळ्या मुलींची लग्नं करून दिलेल्या आईने आणला. मग एक दिवस तो माझ्याच दारात आला. निवृत्तीनंतर पाळकाचा बंगला रिकामा करून द्यावा लागतो. सामान टेम्पोत चढवलं, किल्ली पंच कमिटीकडे दिली. पुढच्या रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. उपासनेच्या शेवटी नवे पाळक आशीर्वाद द्यायला उभे राहिले आणि माझा उजवा हात आपोआप वर आला. पत्नीने हलकेच तो धरला आणि खाली आपल्या मांडीवर ठेवला. त्या दिवशी मला कळलं की काम हातात मुरलेलं असतं, ते आदेशाच्या तारखेला उतरत नाही. तुमचे पाचला उघडणारे डोळे मला त्याच जातीचे वाटतात. त्यात तुमचा विश्वास कमी पडलेला नाही.

आता उपदेशकाकडे येऊ. हा अध्याय आपण फार अर्धवट वाचतो. अंत्यविधीला आणि लग्नाला पहिली आठ वचनं वाचायची आणि पुस्तक मिटायचं. त्यात १४ जोड्या आहेत: जन्माचा समय आणि मरणाचा, लावण्याचा आणि उपटण्याचा, पाडण्याचा आणि बांधण्याचा. ही यादी वेळापत्रकासारखी वाचली की माणूस स्वतःला विचारायला लागतो, मी यातल्या कुठल्या ओळीवर आहे, माझी गाडी निघून गेली का? पण यादीची सुरुवातच जन्म आणि मृत्यूने होते, म्हणजे ज्या दोन वेळा कुणीच स्वतः ठरवत नाही त्यांनी. आणि यादी संपल्या संपल्या नवव्या वचनात लेखक नेमका तुमचाच प्रश्न विचारतो: जो श्रम करतो त्याला त्या श्रमातून काय मिळतं? तुम्ही विचारलंत म्हणून बिचकू नका, शास्त्रानेच तो आधी विचारलेला आहे.

त्याचं उत्तर तो एका वाक्यात देत नाही. अकराव्या वचनात म्हणतो की देवाने प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या समयी सुंदर केली, माणसाच्या मनात अनंतकाळाची जाणीवही घातली, तरी देवाने आरंभापासून शेवटपर्यंत काय केलं याचा माणसाला थांग लागत नाही. त्यानंतर लगेच म्हणतो की खाणं, पिणं आणि आपल्या श्रमाचं सुख घेणं हेही देवाचं देणं आहे. मला या क्रमाचा फार आधार वाटतो. सगळा नकाशा आपल्या हाती येणार नाही हे तो आधी सांगून टाकतो, आणि मग ताटातल्या भाकरीकडे बोट दाखवतो.

त्या पुस्तकात 'व्यर्थ' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि तुमच्यासारखी थकलेली व्यक्ती तो वाचून अधिकच खचते. मूळ इब्री शब्द 'हेवेल'. त्याचा साधा अर्थ वाफ, श्वास. पौषातल्या पहाटे आडावर पाणी शेंदताना तोंडातून निघते ती वाफ. ती असते, दिसते, उबदारही असते. मुठीत मात्र धरता येत नाही. तुमची ३४ वर्षांची रजिस्टरं आज कुठल्या तरी कपाटात असतील, पुढे कधी रद्दीतही जातील. काम मुठीत राहिलं नाही. म्हणून ते झालंच नाही असं थोडंच आहे?

इथे जरा थांबून तुमच्याच कामाबद्दल बोलतो, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. १९९५ साली देशात पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा तुम्ही नोकरीत नव्या होतात. खांद्याला लसीची पेटी, दोन थेंब, डाव्या करंगळीला शाईची खूण, दारावर खडूची खूण, आणि ज्या घराला कुलूप होतं तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की कोप्यांमध्ये जाऊन मुलं मोजायची. २०११च्या जानेवारीत या देशात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला, २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज तुमच्या त्या वस्त्यांवर विशी-पंचविशीतली पोरं मोटरसायकलला किक मारतात. आपला पाय लुळा पडला नाही म्हणून त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला शोधत येणार नाही. जे घडलंच नाही त्याबद्दल आभार मानायला माणसाला सुचत नाही. तुमच्या कामाचं बरंचसं फळ असं आहे, न घडलेल्या गोष्टींचं. ते कुठल्या रजिस्टरात मावणारही नव्हतं. देवाला ते दिसतं यावर माझा पुरा विश्वास आहे, आणि मी हे तुमच्या समाधानासाठी बोलत नाही.

तरीही 'उपयोग' हा शब्द मला खुपतो. पत्रात तो चार वेळा आलाय. उपयोग विळ्याचा असतो, खुरप्याचा असतो. धार गेली की ते अडगळीत जातं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपण देवाची हस्तकृती आहोत, आणि त्यानंतर म्हणतो की सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. आधी कृती, मग कृत्यं. आपण बहुतेक जण आयुष्यभर हे उलटं जगतो, आणि मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या सावलीत वाढलेले आपण मराठी ख्रिस्ती तर जास्तच. आपल्या घरांमध्ये 'सेवा' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. नर्स, शिक्षक, बायबलबाई, पाळक. चांगला वारसा आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण त्यातून कुठेतरी मनात बसतं की जो राबत नाही तो देवाच्या हिशेबात नाही. गावात तुम्हाला ३४ वर्षं सगळे 'सिस्टर' म्हणत आले. मे महिन्यानंतर ती हाक दुसरीला गेली. मला वाटतं, उपयोग संपल्यापेक्षा ती हाक गेल्याचं दुःख तुम्हाला जास्त आहे, आणि ते खरं दुःख आहे. त्यावर वचनाची पट्टी बांधून ते झाकायची घाई करू नका.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत पण ओळींमधून दिसतं. यजमान गेल्यावर तेराव्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर गेलात. चार वर्षं कामाने तुम्हाला उभं धरलं. तेव्हा त्या दुःखाला वेळच मिळाला नाही, ते आता मिळालेल्या वेळेत आलंय. पहाटे पाचला घर शांत असतं तेव्हा नोकरी आणि नवरा या दोन्ही जागा एकदमच रिकाम्या दिसत असणार. रडण्याचा समय, असं उपदेशकाने यादीत स्पष्ट लिहिलंय. तो तुमचा राहून गेला होता.

अशा वेळी माणसं दोन प्रकारचे सल्ले देतात. एक, "देवाची तुझ्यासाठी मोठी योजना आहे." त्यासाठी यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन पाठ म्हणून दाखवतात. ते वचन बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच पत्रात सुटकेला ७० वर्षं लागतील असंही सांगितलंय. म्हणजे ते ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. मग त्यांनी तोवर काय करायचं? पाचव्या ते सातव्या वचनात आहे: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं भलं मागा. देवाची योजना म्हणून त्यांच्या हाती जे आलं ते इतकं साधं होतं. दुसरा सल्ला, "आता लगेच मंडळीच्या कामाला वाहून घ्या, बरं वाटेल." हा सल्ला मीही पूर्वी देत असे. आता देत नाही. मी असे कितीतरी लोक पाहिलेत जे एका रजिस्टरातून उठून थेट दुसऱ्या रजिस्टरावर बसले आणि दोन वर्षांत कमिटीच्या भांडणात कडवट होऊन उपासनेलाच यायचे बंद झाले.

माझे वडील कोरडवाहू शेतकरी होते. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. मृगाचा पाऊस पडला की हलक्या रानात बाजरी पेरली जायची, चहूकडे हिरवं व्हायचं, आणि आमचं काळं रान तेवढं पड असायचं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. वडील त्या उघड्या रानात कुळवाच्या पाळ्या घालत राहायचे, एक झाली की पावसानंतर दुसरी, मग तिसरी. तण निघायचं, वरची माती भुसभुशीत राहायची, आणि पडलेला पाऊस आत मुरून तिथेच थांबायचा. पेरणी सप्टेंबरच्या अखेरीला. त्यातही पाऊस पडला की लगेच पाभर जुंपायची नाही. वाफसा यावा लागतो. वडील ढेकूळ उचलून मुठीत दाबायचे, बोटं उघडून बघायचे, हाताला चिकटलं तर म्हणायचे, "आज नाही." त्यानंतर थंडीत पाऊस नसायचा, तरी ती ज्वारी त्या मुरलेल्या ओलीवर कणसाला यायची.

तुमचं रान आत्ता पड आहे, ताई. निदान येत्या कापणीच्या सणापर्यंत तरी कुठलंही पद घेऊ नका. महिला मंडळाला नम्रपणे नाही म्हणा. त्यांना वाईट वाटलं तर मी सांगितलं म्हणून सांगा. या काळात काय करायचं? एलीयाकडे बघा. '१ राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला उपदेश करत नाही, कामही सांगत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येऊन त्याला हात लावतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा देवदूत, पुन्हा जेवण. "तू येथे काय करत आहेस?" हा प्रश्न त्याला पुढे ४० दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर विचारला जातो. म्हणून आधी जेवण वेळेवर. एकटीसाठी कशाला चूल पेटवायची म्हणून तुम्ही चहा-बिस्किटावर दिवस काढत असाल तर ते आजच थांबवा. आणि हे तुम्ही दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं तेच मी तुम्हाला सांगतो: झोप सलग उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट बोला. प्रार्थना आणि औषध यांचं वैर नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

त्याच अध्यायात पुढे देव एलीयाला तीन कामं सांगतो: हजाएलाला राजा म्हणून अभिषेक कर, येहूला कर, आणि तुझ्या जागी अलीशाला कर. मी हे कितीतरी वर्षं वाचत होतो, पण निवृत्तीनंतर एक गोष्ट ध्यानात आली. यातलं एलीयाच्या हातून थेट झालं ते एकच, अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकणं. हजाएल आणि येहू यांची कामं पुढे अलीशाच्या काळात झाली. एलीयाला सोपवलेल्या कामातला मोठा वाटा दुसऱ्याच्या हातून पुरा झाला, आणि शास्त्र त्याला एलीयाचं अपयश म्हणत नाही.

नोकरीतल्या निवृत्तीबद्दल शास्त्रात सरळ लिहिलेलं ठिकाण मला एकच माहीत आहे. 'गणना' हे पुस्तक, आठवा अध्याय, शेवटची वचनं. दर्शनमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, सेवा ज्यांच्याकडे होती त्या लेवी कुळातल्या पुरुषांनी २५व्या वर्षी त्या सेवेला लागावं आणि ५०व्या वर्षी त्या कामातून निवृत्त व्हावं. ते काम अंगमेहनतीचं होतं. त्यांच्यातल्या काहींना पवित्र वस्तू खांद्यावर वाहाव्या लागत. पन्नाशीनंतर ते ओझं उचलायचं नाही अशी देवाची आज्ञा आहे. म्हणजे निवृत्ती ही शिक्षा नाही, टाकून देणंही नाही, ती नियमात बसवलेली दया आहे. पण पुढच्याच वचनात आहे की त्याने आपल्या भावांना हातभार लावावा, राखण करावी. खांदा मोकळा झाला, मंडपाबाहेर काढलं नाही.

राखण कशी करायची? तुम्ही लिहिलंत की प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. मग शब्द शोधू नका, वाट चाला. पहाटे पाचला डोळे उघडले की अंथरुणातच मनाने उपकेंद्रातून निघा. पहिली वस्ती कुठली? ओढ्यापलीकडचं पहिलं घर कुणाचं? तिथली ती सून, जिला रक्त कमी होतं, गोळ्या घेत नव्हती. शेजारची म्हातारी. पुढच्या बांधावरची जुळी मुलं. एकेक नाव घ्या आणि देवापुढे ठेवा, बाकी काही बोलू नका. तुमच्या मुलानेही ते उपकेंद्र पाहिलेलं नाही, मी पाहिलेलं नाही. त्या घरांची अशी यादी देवाने तुमच्याखेरीज कुणाच्या काळजात लिहून ठेवलीय? ३४ वर्षं पाय ज्या वाटेने गेले त्या वाटेवर आता मनाने चालायचं आहे. एखाद्या दिवशी निम्म्या वाटेत रडू येईल. येऊ द्या. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

पुढे वाफसा येईल तेव्हा काय पेरायचं ते आत्ता ठरवू नका. लक्ष्मीबाई टिळकांचं मला नेहमी आठवतं. १९१९ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. लग्न झाल्यावर अक्षर ओळख झालेल्या या बाईने टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुरं केलं, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. हे उदाहरण मी जपून देतो, कारण मोठ्या माणसांची उदाहरणं थकलेल्या माणसाच्या डोक्यावर ओझ्यासारखी बसतात. तुम्ही पुस्तक लिहावं असं माझं म्हणणं नाही. मला त्यातलं एवढंच दिसतं की टिळक गेले त्या वर्षी, घर सुतकात असताना, पुढे आपल्या हातून काय होणार आहे हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं.

स्तोत्र ९० रात्री वाचत जा. मोशेची प्रार्थना म्हणून ते दिलेलं आहे. आयुष्य ७० वर्षं, फार तर ८०, असं त्यात आहे, आणि मोशे स्वतः फारोपुढे उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता. आमचे दिवस मोजायला शिकव, असं तो मागतो. शेवटी दोनदा मागतो की आमच्या हातचं काम स्थिर कर. हातांनी काम केलं, ते टिकवणं मात्र देवाकडे सोपवलं. तुम्हाला इतर शब्द सुचत नसतील तेव्हा हे शेवटचं वचन उसनं घ्या.

आता तो फोन. तुम्ही लिहिलंत की नव्या सिस्टरचा तीनदा आला आणि तुम्ही उचलला नाही, कारण तिचा आवाज ऐकला की पोटात तुटतं. मी समजू शकतो. माझ्या जागी आलेल्या पाळकांशी नीट बोलायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत त्यांच्या हातून एका घरी अशी चूक झाली जी माझ्या एका शब्दाने टळली असती. त्याची टोचणी मला आजही आहे. ती मुलगी २५-२६ वर्षांची असेल, परक्या तालुक्यातली, रात्री-अपरात्री बाळंतीण आली की उपकेंद्रात एकटी. तिला तुमची खुर्ची नकोय. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवर कुठून जायचं, कुठल्या सासूला आधी विश्वासात घ्यायचं, असलं काहीतरी तिला विचारायचं असेल, आणि ते कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही. आज संध्याकाळी, ओपीडी आटोपून ती जेवायला बसायच्या आधी, तिला फोन लावा. उपकेंद्रात जाऊ नका, ती बोलावेल तेव्हाच जा. ती विचारेल तेवढं सांगा, आणि ती जेवली का तेही विचारा.